टेबलावर घेतलेला निर्णय

गेले काही महिने नाशिकमध्ये, निदान साठी ओलांडलेली माणसे जिथे सकाळी फिरायला जमतात अशा प्रत्येक मैदानावर, एकच वाद रंगताना दिसतो. एका बाजूचे म्हणणे असे की, अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली धमनी फुग्याने रुंद करून तिथे स्टेंटची जाळी बसवणे, हा निव्वळ धंदा आहे. स्टेंटचा काही उपयोग नाही हे परदेशातल्या संशोधनाने कधीच सिद्ध केले आहे आणि डॉक्टर मंडळी ते दडवून ठेवतात. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, ज्यांना ईसीजीची पट्टी उलटी की सुलटी हे कळत नाही, त्यांनी मोबाइलवर आलेले संदेश वाचून हृदयरोगतज्ज्ञांना शहाणपण शिकवू नये. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला आम्ही जुने नाशिककर अजून गोल्फ क्लबच म्हणतो. तिथल्या कट्ट्यावर या वादात दोन्हीकडून पुरावे हजर होतात ते नातेवाइकांचे. एकाचा मेहुणा स्टेंटमुळे वाचलेला असतो, दुसऱ्याचा साडू स्टेंट नाकारूनही ठणठणीत असतो. मी डॉक्टर नाही. माझी नोकरी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवण्यात गेली, आणि म्हणूनच या वादात मला खटकते ती गोष्ट वैद्यकातली कमी आणि तर्कातली जास्त आहे. मेहुणा आणि साडू यांना एकच आजार होता, असे दोन्ही बाजू गृहीत धरून चालतात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. हृदयविकारावरचे गेल्या पन्नास वर्षांतले संशोधन स्टेंटची बाजूही घेत नाही आणि त्याला विरोधही करत नाही. एकच उपचार एका रुग्णाचा जीव वाचवतो, दुसऱ्याचा केवळ त्रास कमी करतो आणि तिसऱ्याला काहीच देत नाही, एवढे मात्र त्यातून स्वच्छ दिसते. तेव्हा आपण या तिघांपैकी कोण आणि उपचारातून आपल्याला नेमके काय मिळणार, हे रुग्णाला निर्णयाच्या आधी, त्याला कळेल अशा भाषेत आणि विचाराला वेळ ठेवून सांगितले गेले पाहिजे; आणि जिथे वेळच नसतो अशा खऱ्या हार्ट अटॅकमध्ये चर्चेत एक मिनिटही जाता कामा नये. आपल्याकडे बहुधा याच्या उलट चालते. घाईची गरज नसते तिथे कुटुंबाला तासाभरात सही करायला लावतात, आणि घाई हवी असते तिथे घरचे लोक ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा आणि सोडा देत बसतात.

पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना एखाद्याची छाती भरून येते, डावा हात जड होतो, आणि तो पायरीवर टेकला की पाचेक मिनिटांत सगळे ओसरते. असे महिनोन्‌महिने, साधारण तेवढ्याच श्रमाला होत असेल तर हृदयाची धमनी अरुंद झाली असून जास्तीच्या मागणीला रक्त पुरत नाही, असा त्याचा अर्थ असतो. हे स्थिर दुखणे. दुसऱ्या एकाला घरी बसल्याबसल्या छातीवर धोंडा ठेवल्यासारखे होते, घाम फुटतो, आणि दुखणे थांबत नाही. त्याच्या धमनीतला चरबीचा थर फुटलेला असतो, त्यावर रक्ताची गुठळी धरलेली असते आणि पलीकडचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. हा हार्ट अटॅक. डॉक्टर आंद्रेआस ग्रुन्ट्सिग यांनी सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिच इथे पहिल्यांदा हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून ती रुंद केली. स्टेंटची जाळी त्यानंतर जवळपास नऊ वर्षांनी आली. हार्ट अटॅकमध्ये हे तंत्र वेळेत वापरले तर जीव वाचतात, याबद्दल आज गंभीरपणे कोणीही वाद घालत नाही. वाद आहे तो पांडवलेण्याच्या पायरीवर टेकलेल्या माणसाबद्दल.

त्याच्याबद्दल २००७ मध्ये ‘करेज’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्थिर दुखण्याच्या २,२८७ रुग्णांपैकी निम्म्यांना उत्तम औषधोपचार दिला आणि निम्म्यांना औषधांसोबत अँजिओप्लास्टीही केली. साडेचार वर्षांनंतर मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांच्या प्रमाणात दोन गटांत फरक आढळला नाही. मग आक्षेप आला की, ज्यांचा रक्तपुरवठा खरोखर कमी आहे असेच रुग्ण निवडायला हवे होते. तसे रुग्ण निवडून ‘इस्किमिया’ ही चाचणी झाली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाली: ३७ देश, त्यांत भारतही, आणि ५,१७९ रुग्ण. अँजिओग्राफी, म्हणजे नळीतून धमन्यांचे चित्र, काढून प्लास्टी किंवा बायपास करण्याचे धोरण ज्यांच्यासाठी ठरले त्या गटात १४५ मृत्यू झाले. आधी औषधे आणि गरज पडली तरच हस्तक्षेप, असे ठरलेल्या गटात १४४. संख्याशास्त्राच्या वर्गात याहून बोलके कोष्टक मला कधी मिळाले नाही.

हे कसे शक्य आहे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. ‘९० टक्के ब्लॉक’ ऐकल्यावर तो काढला नाही तर उद्या शंभर टक्के होऊन माणूस जाईल, असे कोणालाही वाटेल. परंतु हार्ट अटॅक बहुतेकदा थर हळूहळू जाड होऊन येत नाही, तो थर फुटून येतो. आणि फुटणारा थर अनेकदा अँजिओग्राफीत किरकोळ दिसणाऱ्या, पन्नास टक्क्यांच्या आतल्या जागी असतो. स्टेंट एका जागेवर काम करतो. थर मात्र सगळ्या धमन्यांत पसरलेला असतो, आणि सगळीकडे पोहोचतात त्या गोळ्या, रक्तदाबावरचे नियंत्रण आणि सुटलेली तंबाखू. टक्केवारीच्या आकड्याला आपण जे भविष्यकथनाचे वजन देतो, ते त्याला पेलत नाही.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. शहरातल्या एका रुग्णालयात माझ्या चुलतभावाची अँजिओग्राफी होती. त्याचे दुखणे स्थिर होते. तो त्या दिवशी स्वतः स्कूटर चालवत आला होता. अर्ध्या तासाने आम्हाला चपला काढून कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीच्या, काचेपाशी बोलावले. आत तो टेबलावर जागाच होता, मनगटातून नळी घातलेली, आणि पडद्यावर राखाडी रंगात त्याच्या धमन्या थिजवून ठेवलेल्या. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली, नव्वद टक्के म्हणाले, ‘आत्ताच टाकून घेऊ, परत टोचायला नको’ म्हणाले, आणि कोणत्या कंपनीचा स्टेंट घ्यायचा ते विचारले. वहिनींनी माझ्याकडे पाहिले, पुतण्याने पुण्याच्या काकांना फोन लावला, तो लागला नाही, आणि सही झाली. डॉक्टर सभ्य होते, खोटे काही बोलले नाहीत, आणि भाऊ आज बराही आहे. त्या पाच मिनिटांत एक गोष्ट मात्र कोणीच बोलले नाही: हा स्टेंट आयुष्य वाढवण्यासाठी आहे की छातीतले दुखणे कमी करण्यासाठी? वहिनी आजही सांगतात की त्या दिवशी जीव वाचला. तो धोक्यात होता असे त्या दिवशी कोणी म्हटले नव्हते, आणि नव्हता असेही कोणी म्हटले नव्हते. अशा सहीला संमती म्हणावे का?

तर्काला पटणारा उपचार खराच उपयोगी असतो का, हा प्रश्न हृदयरोगशास्त्राने स्वतःलाच पूर्वी विचारलेला आहे, आणि त्याची उत्तरे त्या शास्त्राला महागात पडलेली आहेत. १९५०च्या दशकात छातीच्या आतल्या भिंतीवरची एक धमनी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया लोकप्रिय झाली होती. ती बांधली की रक्त हृदयाकडे वळेल असा हिशोब होता. रुग्णांचे दुखणे कमी होई, ते पुन्हा चालू-फिरू लागत. १९५९ मध्ये लेनर्ड कॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ रुग्णांवर एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला: काहींची धमनी खरोखर बांधली, काहींच्या छातीवर केवळ छेद घेऊन तो शिवून टाकला. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला, आणि ती शस्त्रक्रिया इतिहासजमा झाली. पुढे १९८०च्या दशकात हार्ट अटॅकनंतर ठोके चुकणाऱ्या रुग्णांना ठोके नियमित करणारी औषधे सर्रास दिली जात. ईसीजी सुधारे, डॉक्टर आणि रुग्ण दोघेही समाधानी असत. ‘कास्ट’ चाचणीत जवळपास सारख्या संख्येच्या दोन गटांत औषध घेणाऱ्यांपैकी ६३ जण दगावले आणि नुसती साखरेसारखी गोळी घेणाऱ्यांपैकी २६. पट्टी सुधारली होती, माणसे मरत होती. ही औषधे लिहून देणारे डॉक्टर लबाड होते का? मुळीच नाही. डोळ्यांना दिसणारी सुधारणा हाच पुरावा, असे त्यांनी मानले. आणि पडद्यावरची मोकळी झालेली धमनी पाहून आपणही आज नेमके तेच मानतो.

कॉब यांच्यासारखीच कसोटी स्टेंटला लावायला २०१७ उजाडले. ब्रिटनमधल्या ‘ऑर्बिटा’ चाचणीत २०० रुग्णांपैकी काहींना खरा स्टेंट टाकला, काहींना फक्त तसा देखावा केला. सहा आठवड्यांनी चालण्याच्या पट्ट्यावर दोन्ही गट जवळपास सारखेच टिकले. आपल्याकडे फिरणाऱ्या संदेशांची धाव इथेच संपते. पुढे काय झाले ते सांगायला मात्र हे संदेश विसरतात. त्याच गटाने २०२३ मध्ये ‘ऑर्बिटा-२’ प्रसिद्ध केली. या वेळी ३०१ रुग्णांची छातीदुखीवरची औषधे आधी थांबवली होती, आणि आता खऱ्या स्टेंटमुळे दुखणे देखाव्यापेक्षा स्पष्टपणे कमी झालेले दिसले. म्हणजे स्थिर दुखण्यात स्टेंट त्रास कमी करू शकतो. औषधांनीही त्रास आटोक्यात येत असेल तर त्याची भर थोडी असते. आणि आयुष्य वाढते असा पुरावा मिळालेला नाही. तीनही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत, आणि कोणतेही एक वाक्य तोडून घेतले की ते खोट्याच्या जवळ जाते.

डॉक्टरांच्या बाजूने जे म्हणता येते ते कच्चे नाही, आणि ते पूर्ण ताकदीने मांडले पाहिजे. ‘इस्किमिया’ चाचणीतून डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले, हृदयाचा पंप फार कमजोर झालेले आणि नुकताच अटॅक येऊन गेलेले रुग्ण आधीच वगळले होते. त्यांच्यापुढे हे आकडे नाचवणे धोक्याचे आहे. ‘करेज’मध्ये औषधांवर ठेवलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पुढे कधी ना कधी प्लास्टी किंवा बायपास करावी लागलीच. चाचणीतल्या रुग्णाच्या गोळ्या कोणीतरी मोजत असते, त्याला फोन येतात. कळवण किंवा सुरगाण्याहून आलेला शेतकरी पुन्हा कधी दिसेल याची खात्री नसते, मग आलेल्या संधीतच काम उरकावे असे एखाद्या प्रामाणिक डॉक्टरला वाटले तर त्यात नवल काय? दोनदा टोचणे, दोनदा भरती, दोनदा खर्च हाही खरा भार आहे. आणि ज्या समाजात रुग्ण दगावला की काचा फुटतात, तिथे ‘थांबून पाहू’ असे म्हणण्याची हिंमत डॉक्टरांनी एकट्याने का दाखवावी?

यातला पहिला मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे: रुग्ण कोणत्या गटातला हे आधी ठरवा. एक तृतीयांशांना पुढे हस्तक्षेप लागला याचा दुसरा अर्थ असा की दोन तृतीयांशांना तो लागलाच नाही, आणि ज्यांनी वाट पाहिली त्यांचे मृत्यू त्यामुळे वाढले नाहीत. गोळ्या न घेणाऱ्या रुग्णाचा मुद्दा तर उलटाच जातो. औषध लावलेला स्टेंट टाकल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या कित्येक महिने न चुकता घ्याव्या लागतात. त्या मध्येच सुटल्या तर स्टेंटमध्येच गुठळी धरून अटॅक येऊ शकतो. पाकीट संपले, तालुक्याला जायला जमले नाही, घरात लग्न निघाले आणि गोळी राहिली, हे ज्याच्या बाबतीत सहज होऊ शकते त्याला गोळ्यांतून सुटका म्हणून स्टेंट टाकणे ही सोय नव्हे. ज्यांनी स्टेंट टाकलेला आहे त्यांनी, हे वाचून किंवा आणखी काही वाचून, डॉक्टरांना न विचारता एकही गोळी बंद करू नये, हे इथेच सांगून ठेवतो. राहिला काचा फुटण्याचा प्रश्न. ‘आता धोका टळला’ अशी समजूत ज्या घराची होऊ दिली, त्या घराला पुढचा अटॅक ही फसवणूक वाटते. काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे आधी कागदावर आले असेल तर डॉक्टरांचेच संरक्षण वाढते.

मधुमेह असलेल्यांसाठी टेबलावरच्या घाईची किंमत आणखी मोठी असते. मधुमेह आणि एकाहून अधिक धमन्यांत अडथळे असलेल्या १,९०० रुग्णांवरच्या ‘फ्रीडम’ चाचणीत, जी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, पाच वर्षांत स्टेंट टाकलेल्यांपैकी १६.३ टक्के दगावले आणि बायपास झालेल्यांपैकी १०.९ टक्के. मेंदूच्या झटक्याचे प्रमाण बायपासच्या गटात जास्त होते, हेही खरे. अशा रुग्णाला प्लास्टी, बायपास आणि औषधे हे तिन्ही पर्याय शल्यचिकित्सकाच्या उपस्थितीत समजावून सांगायला हवेत. मनगटात नळी असताना ते कसे जमणार? ‘छाती फाडायची नसेल तर तीन स्टेंट टाकू’ असे विचारल्यावर कोणते कुटुंब बायपासला होकार देईल?

आता ‘सगळा धंदा आहे’ म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांचा संशय हवेतून आलेला नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी तोच स्टेंट लाखाच्या पुढे विकला जात होता. एका रात्रीत किंमत इतकी उतरू शकते, तर आदल्या रात्रीपर्यंत आपण कशाचे पैसे मोजत होतो, हे विचारण्याचा लोकांना पूर्ण अधिकार आहे. जितक्या प्रक्रिया तितके उत्पन्न अशी जिथे रचना असते, तिथे न करण्याचा सल्ला आर्थिकदृष्ट्या तोट्याचा ठरतो, हेही मान्य करायला हवे. पण उपचार महाग विकला गेला म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही, आणि स्वस्त आहे म्हणून उपयोगी ठरत नाही. गंमत अशी की, स्टेंटविरुद्ध ज्या चाचण्यांचा दाखला हे लोक देतात, त्या सगळ्या चाचण्यांत स्टेंटची बरोबरी केली ती स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे), अ‍ॅस्पिरिन आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी. आणि तेच लोक पुढच्या संदेशात स्टॅटिन हे कंपन्यांचे कारस्थान आहे असे सांगतात. दोन्ही बोटी एकदम कशा सोडता येतील?

स्टॅटिनची कथा आकड्यांत सांगायला सोपी आहे. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांवर उत्तर युरोपात झालेली चाचणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे साडेपाच वर्षांत औषध नसलेली पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी १२ टक्के दगावले, सिम्वास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी ८ टक्के. कंपनीचा प्रतिनिधी याला ‘मृत्यू ३० टक्क्यांनी घटले’ म्हणेल, टीकाकार ‘शंभरातल्या ९६ जणांना काहीच फरक पडला नाही’ म्हणेल. हिशोब दोघांचाही त्याच आकड्यांवर उभा आहे. रुग्णाला सांगायचे ते असे की, तुमच्यासारख्या शंभर जणांनी पाच वर्षे गोळी घेतली तर चौघांचे प्राण वाचतात, आणि ते चौघे कोण हे आधी कळत नाही. हे ऐकून बहुतेक माणसे गोळी घेतील असे मला वाटते, आणि न घेणाराही समजून नकार देईल. ‘गोळीने अंग दुखते’ ही तक्रारही तपासून झाली आहे. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना ‘सॅमसन’ चाचणीत काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही असे आलटून पालटून दिले. स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासाचा नव्वद टक्के भाग पोकळ गोळीवरही जाणवला. त्रास खरा होता, कारण मात्र बव्हंशी वेगळे होते. काहींना स्टॅटिन खरोखरच सोसत नाही, आणि त्यांच्यासाठी मात्रा किंवा औषध बदलता येते.

शिरेतून रसायन सोडून ब्लॉकेज ‘धुवून काढणाऱ्या’ केंद्रांनाही हीच फूटपट्टी लावू. २०१३ मधल्या एका मोठ्या चाचणीत या उपचाराचा थोडा फायदा दिसला, विशेषतः मधुमेहींमध्ये. शास्त्राने तो उडवून लावला नाही. अटॅक येऊन गेलेल्या मधुमेहींवरच चाचणी पुन्हा केली, आणि २०२४ मध्ये उत्तर मिळाले की फायदा नाही. योगालाही भारतातल्या २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर तपासले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत मृत्यू किंवा अटॅक कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही, पण रुग्णांना बरे वाटण्याचे आणि पूर्वीच्या कामाला लागण्याचे प्रमाण सुधारले. योगाच्या अभिमान्यांनी पहिला भाग झाकू नये, आणि विरोधकांनी दुसरा.

एवढ्या चाचण्यांतून निवड करायची तर कशी, असे कोणी म्हणेल. प्रत्येकाला आपल्या सोयीचा आकडा सापडतोच. सापडतो खरा. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीचे लेखक हे ओळखून होते. रुग्णांचे बारीक बारीक गट पाडून निष्कर्ष दाखवा असा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी रुग्णांच्या राशींनुसारही गट पाडले आणि मिथुन व तूळ राशीला अ‍ॅस्पिरिन मानवत नाही असा निष्कर्ष गंभीर चेहऱ्याने छापला. (आपल्याकडे यावर कोणी हसण्याऐवजी शांती करून घेईल, ही भीती आहेच.) मुख्य निष्कर्ष मात्र भक्कम होता. अटॅकमध्ये लगेच अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले मृत्यू ८ टक्के, दोन्ही न मिळालेल्यांत १३.२ टक्के. पुढे तीच अ‍ॅस्पिरिन, कधीही हृदयविकार न झालेल्या १९ हजारांहून अधिक वृद्धांपैकी निम्म्यांना देऊन पाहिली. २०१८ च्या त्या ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीत हृदयाचे संरक्षण झाले नाही, रक्तस्राव मात्र वाढला. गोळी एकच. कोणाला आणि केव्हा, एवढ्यावरून उत्तर फिरले. तरी आमच्या फिरायला येणाऱ्यांत ‘सावधगिरी म्हणून’ रोज अ‍ॅस्पिरिन घेणारे निरोगी गृहस्थ आहेत, आणि त्याच घोळक्यातले दुसरे काही स्टेंटनंतरची अत्यावश्यक अ‍ॅस्पिरिन पित्त होते म्हणून मनाने बंद करतात.

या सगळ्या वादात ज्याचा आवाज नाही असा एक रुग्ण राहतोच: अटॅक आलेला आणि शहरापासून लांब असलेला. देशभरातल्या २० हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदींत, ज्या २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्या, दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटे होता, म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तासांहून अधिक वेळ लागला. गरीब रुग्ण जास्त दगावत होते. त्यांना मिळणारे उपचार कमी होते हे त्याचे मोठे कारण. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरून घाटरस्त्याने नाशिकच्या कॅथलॅबपर्यंत रुग्ण आणायचा तर सोन्यासारखे पहिले तास गाडीतच जातात. त्याच्यासाठी संशोधनाचे उत्तर तयार आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रीम’ चाचणीने दाखवले की, दुखणे सुरू होऊन तीन तासांच्या आत आलेल्या आणि तासाभरात प्लास्टी होऊ न शकणाऱ्या रुग्णाला जागेवरच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन मग मोठ्या रुग्णालयात हलवले, तर निकाल थेट प्लास्टीच्या तोडीचे येतात. वयोवृद्धांत मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका असतो म्हणून मात्रा कमी करावी लागते, पण तत्त्व टिकते. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढता येणारा माणूस रात्री हजर आहे का, इंजेक्शन कपाटात आहे का, आणि १०८ ची गाडी किती वेळात येते, हे प्रश्न स्टेंटच्या कंपनीपेक्षा कितीतरी अधिक जीवांशी निगडित आहेत. त्यावर कट्ट्यावर वाद का होत नाही? बहुधा तिथे आपला मेहुणा किंवा साडू नसतो म्हणून.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे; राज्यातले डॉक्टर तिथल्या पदव्या घेऊन बाहेर पडतात. अँजिओग्राफीच्या आधी रुग्णाच्या हातात पडेल असे एक पान मराठीत तयार करणे त्या विद्यापीठाला अवघड नाही. पान अँजिओग्राफीच्या आधीच हवे. नंतर दिले तर ते इतर कागदांसारखे सहीपुरते उरेल. तुमचे दुखणे स्थिर आहे की तातडीचे, प्रस्तावित उपचाराने आयुष्य वाढणे अपेक्षित आहे की त्रास कमी होणे, औषधांवर राहिलात तर तुमच्यासारख्यांचे काय होते, आणि मधुमेह असेल तर बायपासचा विचार झाला का, एवढे त्यावर पुरे. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा निघाला तर काय करायचे हेही त्यावर आधीच लिहिलेले असावे, म्हणजे त्या प्रसंगी टेबलावर नव्याने समजावत बसावे लागणार नाही. शेवटची ओळ डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने भरायची: निर्णय आजच घेण्याची गरज आहे का? ‘नाही’ लिहिले असेल तर कुटुंबाने घरी जावे, दुसरे मत घ्यावे आणि चार दिवसांनी यावे. ‘हो’ लिहिले असेल, तर पुण्याच्या काकांना फोन नंतर लावावा.